संघटनेची परवानगी

हिंगोलीचा लौकिक एके काळी दोन गोष्टींवर उभा होता: निझामाच्या खर्चाने इंग्रजांनी बाळगलेल्या हैदराबाद कंटिंजंटची छावणी आणि कापसाची पेठ. १९०३ मध्ये कंटिंजंट मोडली आणि छावणीचे वैभव गेले, पेठ मात्र राहिली. आणि पूर्णेहून निघालेला मीटरगेज लोहमार्ग कित्येक दशके येथेच येऊन संपत असल्यामुळे कयाधूच्या खोऱ्यातला माल बैलगाड्यांनी या गावी यावा आणि येथून वाघिणींत चढावा, असा क्रम चालू राहिला. या साऱ्या व्यवहाराचा भार प्रत्यक्षात ज्याच्या पाठीवर असे, त्या हमालाकडे इतिहासकाराचे लक्ष क्वचितच गेले आहे. हातात लोखंडी आकडा, डोक्यावरून पाठीवर सोडलेले गोणपाट, मजुरी नगावर मोजलेली. कंबर लचकली तर त्या दिवशीची चूल बंद. अशा माणसाला शेजारच्या दुसऱ्या हमालावाचून आधार नसतो, आणि दोघांनी मिळून दराविषयी एक शब्द उच्चारला की संघटनेचा आरंभ होतो.

परंतु हा आरंभ कोणत्या राज्यात होतो, यावर त्याचे भवितव्य अवलंबून असते. ब्रिटिश मुलुखात १९२० साली मुंबईस अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली, आणि नारायण मल्हार जोशी यांच्या चिकाटीस यश येऊन १९२६ साली कामगार संघांना मान्यता देणारा कायदा झाला. संस्थानी मुलुखाला तो लागू नव्हता. परभणी जिल्ह्यातील हिंगोली तालुका निझामाच्या अमलाखाली होता, आणि तेथे रयतेच्या सार्वजनिक जीवनावर ‘गश्ती निशान ५३’ या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या परिपत्रकाची छाया पडली होती. सभा भरवावयाची तर सरकारची पूर्वपरवानगी हवी, असा त्याचा मथितार्थ. आणि परवानगी देणे न देणे सर्वस्वी अंमलदाराच्या मर्जीवर असल्यामुळे शिक्षणविषयक परिषदांनाही त्याचा जाच सोसावा लागला. १९३८ साली तर हैदराबाद स्टेट काँग्रेसची रीतसर स्थापना होण्यापूर्वीच तिच्यावर बंदी आली.

या राज्यात मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व ज्यांनी केले, त्या स्वामी रामानंद तीर्थांच्या सार्वजनिक आयुष्याचा पाया कामगारचळवळीत घातला गेला होता, ही गोष्ट मराठवाड्याने विसरू नये. संन्यास घेण्यापूर्वी व्यंकटेश खेडगीकर या नावाने ते ना. म. जोशी यांचे सहायक म्हणून काम करीत होते, आणि तेथून ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिक्षक म्हणून आले. श्रमिकाला एकत्र येण्याचा हक्क असला पाहिजे आणि रयतेला राज्यकारभारात वाटा असला पाहिजे, या दोन मागण्या ज्यांच्या एकाच आयुष्यात एकामागून एक उभ्या राहिल्या, त्यांच्या चरित्रात या दोहोंचे नाते मला स्पष्ट दिसते.

१९४६ साली मखदूम मोहिउद्दीन आणि राजबहादूर गौड यांच्या पुढाकाराने अखिल हैदराबाद ट्रेड युनियन काँग्रेस उभी राहिली. एक उर्दूचा थोर कवी, दुसरा पेशाने डॉक्टर; एक मुसलमान, दुसरा हिंदू; आणि दोघांचाही गुन्हा एकच. वर्ष सरण्यापूर्वीच मखदूम यांना भूमिगत व्हावे लागले, तर गौड कैदेत पडले आणि पुढच्या वर्षी इस्पितळातून निसटले. १९४६ सालीच ४ जुलै रोजी तेलंगणातील कडवेंडी या गावी शेतकऱ्यांच्या ‘संघम’चा कार्यकर्ता दोड्डी कोमरय्या देशमुखाच्या माणसांच्या गोळीस बळी पडला. लेव्हीचे धान्य, वेठबिगार आणि जमिनीची बेदखली यांविरुद्ध गावकऱ्यांनी एकत्र येणे, एवढेच त्या हत्येचे कारण होते.

पुढे लातूरचा वकील कासीम रझवी याच्या रझाकारांनी काय केले, ते मराठवाड्यातील घराघराने भोगले आहे. गावे जाळावीत, खंडणी वसूल करावी, कार्यकर्त्याला घरातून उचलून न्यावे आणि त्याच्या घरच्यांनी कोणत्याही चौकीवर दाद मागू नये, अशी ती राजवट होती. ज्या राज्यात एकत्र येण्यालाच परवानगी लागते, तेथे विनापरवाना एकत्र आलेल्या माणसाला रात्री धरून नेणारा हात हा दिवसा निघालेल्या हुकमाचेच उरलेले काम पुरे करीत असतो, हे या कालखंडाचे सार आहे. आजच्या हिंगोली जिल्ह्याने या संग्रामात आपले मोल दिले. वसमत तालुक्यातील वापटी गावचे बहिर्जी शिंदे यांना सेनगाव तालुक्यातील आजेगाव येथे रझाकारांशी झालेल्या लढ्यात वीरमरण आले; वसमतचे महाविद्यालय आज त्यांचे नाव धारण करते. हैदराबाद शहरात ऑगस्ट १९४८ मध्ये ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांची रझाकारांनी हत्या केली, हेही येथे सांगितले पाहिजे, कारण या अत्याचाराचे बळी एकाच धर्माचे होते, असे मानणे सत्याला सोडून होईल. सप्टेंबरात भारत सरकारने हैदराबादेत केलेल्या पोलीस कारवाईनंतर सूडाची जी लाट उसळली, तिच्यात नांदेड, उस्मानाबाद, बिदर आणि गुलबर्गा या जिल्ह्यांतील निरपराध मुसलमानांना सर्वाधिक झळ पोहोचली, असे पंडित सुंदरलाल समितीस आढळून आले. एकमेकांच्या खांद्याला खांदा लावणाऱ्या श्रमिकांत पडलेली ती फूट भरून येण्यास फार काळ लागला.

स्वतंत्र भारतात राज्यघटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाने संघ स्थापन करण्याचा हक्क नागरिकास दिला, आणि १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कायदा करून हमालाच्या पाठीवरील ओझ्याची दखल घेतली. परंतु मुंबईच्या ज्या महानगरात त्या कायद्याचा पाया घातला गेला, तेथेच ५ जून १९७० च्या रात्री लालबागेत आमदार कॉम्रेड कृष्णा देसाई यांची हत्या झाली. १८ जानेवारी १९८२ पासून सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप चालविणारे डॉ. दत्ता सामंत १६ जानेवारी १९९७ रोजी पवईत आपल्या घराजवळ मारेकऱ्यांच्या गोळ्यांना बळी पडले. मोलकरणींपासून फेरीवाल्यांपर्यंत असंघटितांना संघटित करणारे गोविंद पानसरे यांच्यावर १६ फेब्रुवारी २०१५ रोजी कोल्हापुरात गोळ्या झाडल्या गेल्या आणि चार दिवसांनी ते निवर्तले. या तीन हत्यांमागील हात आणि हेतू वेगवेगळे असतील. त्यांची शहानिशा न्यायालयांनी करावी. इतिहासाच्या दृष्टीने भेद असा की, निझामी राज्यात हुकूम आणि हल्ला एकाच बाजूचे होते. येथे कायदा कार्यकर्त्याच्या बाजूचा असूनही त्याचे संरक्षण तोकडे पडले. मारेकऱ्याचे लक्ष्य मात्र दोन्हीकडे तेच: एकास मारून हजारांना घरात बसवावे.

म्हणूनच कागदावरील हक्काने आपण समाधान मानू नये. ज्या जुलै महिन्यात रझाकार मराठवाड्यात थैमान घालीत होते, त्याच १९४८ च्या जुलैत आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने संघस्वातंत्र्याचा सत्याऐंशी क्रमांकाचा करार संमत केला. पूर्वपरवानगीवाचून संघटना स्थापण्याचा श्रमिकाचा हक्क त्याच्या दुसऱ्याच कलमात नमूद आहे. गश्ती निशान ५३ ला याहून नेमके उत्तर देता आले नसते. भारताने या कराराला आजवर मंजुरी दिलेली नाही, आणि त्याचे कारण म्हणून सरकारी नोकरांवरील निर्बंधांकडे बोट दाखविले जाते. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी, कामगारदिनी, अस्तित्वात आला. अशा जिल्ह्यातील लोकप्रतिनिधींनी ही मंजुरी संसदेत मागावी, आणि पेठेतील हमालावर संघटनेच्या पहिल्या सभेस जाताना मागे वळून पाहण्याची पाळी येऊ नये, यासाठी पोलीस व न्यायालये यांना जबाबदार धरावे. ज्यांनी या मातीत एकत्र येण्यासाठी प्राण दिले, त्यांच्या ऋणातून अंशतः तरी मुक्त होण्याचा हाच प्रामाणिक मार्ग आहे.