न दिसणारी लुकलुक कशी पकडली?

रात्री मोबाइलचा ब्राइटनेस कमी केला की डोळे जास्त दुखतात, अशी तक्रार तुम्हीही ऐकली असेल. अनेक ओएलईडी स्क्रीन मंद करताना प्रकाश सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद केला जातो. याला पीडब्ल्यूएम म्हणतात. आता प्रश्न असा, की ही लुकलुक दिसतच नाही, तर त्रास कसा देईल?

हाच प्रश्न आधी ट्यूबलाइटबद्दल पडला होता. ५० हर्ट्झच्या विजेवर जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते. एवढा वेग सहसा डोळ्याला जाणवत नाही. त्यामुळे ऑफिसात कुणाचं डोकं दुखलं, तर ‘मनाचे खेळ’ म्हणणं सोपं होतं.

१९८९ मध्ये ब्रिटनमधील अर्नोल्ड विल्किन्स आणि सहकाऱ्यांनी याची परीक्षा घेतली. त्यांची रचना नीट बघा. त्यांनी तीन प्रकारे ट्यूब चालवल्या: साधा चोक-स्टार्टर, चोक तोच, पण स्टार्टर इलेक्ट्रॉनिक, आणि सुमारे ३२ किलोहर्ट्झवर चालणारा इलेक्ट्रॉनिक चोक. पहिल्या दोन्हींत १०० हर्ट्झचा चढउतार ४३ ते ४९ टक्के होता, तिसऱ्यात ७ टक्क्यांहून कमी. मधला प्रकार कशाला? ट्यूब पेटतानाची फडफड दोषी आहे का, हे वेगळं काढायला! शिवाय प्रयोग डबल-ब्लाइंड होता आणि दिव्यांची अदलाबदलही केली होती.

निकाल काय लागला? तिसऱ्या प्रकारात डोकेदुखी आणि डोळ्यांवरचा ताण सरासरी निम्म्याहून कमी झाला. ट्यूब किती लवकर पेटते, याने फरक पडला नाही. म्हणजे ‘दिसत नाही’ आणि ‘परिणाम नाही’ ही दोन वेगळी विधानं आहेत.

मोबाइलमध्येही उपाय त्याच दिशेने आहेत: वारंवारता वाढवायची किंवा चढउताराची खोली कमी करायची. डीसी डिमिंगमध्ये प्रकाश चालू-बंद न करता करंटच कमी करतात. तुमच्या फोनच्या सेटिंगमध्ये असा पर्याय असेल तर वापरून बघा. नसेल तर खोलीत दिवा लावा आणि ब्राइटनेस थोडा वाढवा.

पण ट्यूबचे आकडे उचलून मोबाइलला चिकटवू नका. त्यासाठी वेगळा प्रयोग लागेल: फोन एकच, सेटिंग दोन, कुठलं चालू आहे हे ना वापरणाऱ्याला माहीत, ना नोंद घेणाऱ्याला, आणि काही दिवसांनी अदलाबदल. प्रपोजल लिहायला बसाल, तेव्हा तो मधला प्रकार आठवा. तुमच्या प्रयोगात तसा कोणता लागेल?