विजेने बांधले, विजेने सोडवावे

रत्नागिरी जिल्ह्यात खेडजवळ लोटे-परशुराम ही औद्योगिक वसाहत आहे. इटलीतील त्रिस्सिनो येथील मितेनी हा रसायन कारखाना 2018 मध्ये दिवाळखोरीत निघाला. 2019 मध्ये मुंबईच्या लक्ष्मी ऑरगॅनिक समूहाने त्याची यंत्रसामग्री विकत घेतली आणि ती लोट्याला आली. मितेनीचा इतिहास रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी जाणून घ्यावा असा आहे.

गेल्या शतकाच्या चौथ्या-पाचव्या दशकात अमेरिकेत जोसेफ सायमन्स यांनी द्रवरूप हायड्रोजन फ्लोराइडमध्ये सेंद्रिय पदार्थ मिसळून निकेलच्या धनाग्राकडून वीज खेळवली. रेणूतील हायड्रोजन निघून गेले व त्यांच्या जागी फ्लोरीन बसले. कार्बन-फ्लोरीन बंध हा सेंद्रिय रसायनातील सर्वांत बळकट एकेरी बंध. म्हणून ही रसायने उष्णतेला, आम्लांना आणि जिवाणूंनाही दाद देत नाहीत. थ्रीएम कंपनीने ही रीत उद्योगात आणली. मितेनीतही पूर्वी पीएफओए हे आम्ल याच रीतीने बनत असे.

जो गुण, तोच दोष ठरला. 2013 मध्ये त्या भागातील पिण्याच्या पाण्यात ही रसायने आढळली. लाखो लोकांना त्याची झळ पोचली. 2019 मध्ये स्टॉकहोम कराराच्या यादीत पीएफओएचा समावेश झाला. जून 2025 मध्ये व्हिचेन्झाच्या न्यायालयाने या प्रदूषणाबद्दल 11 अधिकाऱ्यांना दोषी ठरवले.

नेहमीच्या सांडपाणी प्रक्रियेतील जिवाणूंना हे बंध तुटत नाहीत. सक्रिय कोळसा रसायन धरून ठेवतो, पण नष्ट करत नाही. मग उपाय? पुन्हा वीजच! हिरा एरवी विजेचा दुर्वाहक. त्यात किंचित बोरॉन मिसळला की तो वाहक होतो. अशा हिऱ्याचा थर दिलेले धनाग्र पीएफओएच्या रेणूतून इलेक्ट्रॉन ओढून घेते. कार्बन डायऑक्साइड सुटतो, कार्बनची साखळी एकेका कडीने आखूड होत जाते आणि फ्लोराइड आयन पाण्यात उतरतात.

ही रीत खर्चिक आहे. पाणी विरळ असेल तर वीज वाया जाते, म्हणून आधी रसायन थोड्या पाण्यात गोळा करावे लागते. पाण्यात क्लोराइड असेल तर घातक परक्लोरेटही तयार होते.

अशी रसायने बनवणाऱ्या कोणत्याही कारखान्याला, मग तो त्रिस्सिनोचा असो वा लोट्याचा, एक साधा हिशेब विचारता येतो: सांडपाण्यात बांधलेला फ्लोरीन किती होता, आणि प्रक्रियेनंतर सुटा फ्लोराइड किती मिळाला? वस्तुमान अक्षय्यतेचा नियम आपण वर्गात शिकवतोच. हा हिशेब जुळला नाही, तर उरलेले रसायन नदी-खाडीच्या वाटेने कोणाच्या तरी ताटात पोचू शकते.