वसईच्या समुद्रात भाला का चालत नाही? डोल, कव आणि गढूळ पाण्याचा इतिहास (थ्रेड)

पाण्याखाली मासा टिपण्याची बंदूक घ्यायला निघालेल्या माणसाला जाणकार आधी विचारतात, पाणी किती निवळ आहे? दूरवर दिसत असेल तर लांब नळीची बंदूक, पाणी गढूळ असेल तर आखूड. दिसेल तिथवरच नेम, हा या शिकारीचा मूळ नियम.

हा छंद १९३० च्या दशकात फोफावला तो फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, भूमध्य समुद्राच्या काचेसारख्या पाण्यात. गाय गिलपॅट्रिक या अमेरिकी लेखकाने १९३८ साली त्यावर ‘द कम्प्लीट गॉगलर’ हे पुस्तकच लिहिले. डोळ्यांवर चष्मा, हातात भाला, समोर मासा.

आता हाच भाला घेऊन वसईच्या पाण्यात उतरावे. दक्षिणेला उल्हास नदीची खाडी, उत्तरेला अर्नाळ्याजवळ वैतरणेचे मुख. दोन्हींतून गाळ येतो. उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतील फरक पाच मीटरच्या आसपास जातो आणि तळाचा चिखल सतत ढवळला जातो. इथे आखूडात आखूड बंदूकही निरुपयोगी. मासा मुळात दिसतच नाही.

इथल्या कोळ्यांनी म्हणूनच न बघता मासा धरणारे साधन पत्करले. ते म्हणजे डोल. कोळीगीतांमुळे घराघरांत पोचलेला ‘डोलकर’ हा शब्द याच जाळ्यावरून आला, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

डोल म्हणजे लांबलचक निमुळती पिशवी. समुद्राच्या तळात खुंट रोवायचे, त्यांना जाळे बांधायचे आणि तोंड प्रवाहाकडे ठेवायचे. तोंडाशी आस मोठा असतो, शेपटाकडे तो इतका बारीक होत जातो की जवळाही सुटू नये. बोंबील, करंदी, मांदेली पाण्याच्या ओढीनेच आत येतात.

सगळे कसब वेळेत आहे. ओढ मंदावताच जाळे उचलावे लागते. उशीर झाला आणि पाणी उलटले, तर आत आलेली मासळी त्याच वाटेने बाहेर जाते. भांगाच्या दिवसांत ओढच नसते, तेव्हा मासळीही बेताचीच. कोळ्याच्या घरात तिथीला महत्त्व आहे ते केवळ सणवारापुरते नव्हे.

वसईच्या इतिहासाची पुस्तके बहुधा किल्ल्यापाशी सुरू होतात आणि १७३९ च्या चिमाजी अप्पांच्या विजयापाशी संपतात. तटाखालच्या पाचूबंदरातले खुंट त्यांत क्वचितच दिसतात. ही उणीव लहान नाही, कारण या खुंटांनी समुद्रात एक प्रकारची मालकी निर्माण केली.

बंदूक घेऊन पोहणारा शिकारी मागे काही ठेवत नाही. डोलकराचा खुंट मात्र जागा धरतो. अशा जागेला ‘कव’ म्हणतात. किनाऱ्यापासून कित्येक मैल आत, जिथे कुंपण घालता येत नाही, तिथेही ही कव अमक्या घराची, हे परंपरेने ठरते.

वादही इथूनच उभा राहिला. यांत्रिक नौका आल्या, वसई-उत्तनकडचे डोलकर दूरवर कव मारू लागले. सातपाटी-डहाणूकडचे मच्छीमार पापलेटसाठी वाहती जाळी सोडतात. त्यांची जाळी या खुंटांत अडकतात, फाटतात. दोन्ही बाजू कोळ्यांच्याच. एकाचे साधन स्थिर, दुसऱ्याचे वाहते, आणि समुद्र एकच. १९८१ चा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायदा झाल्यानंतरही हा तंटा मिटलेला नाही. तो केवळ हावेतून आला असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. जवळच्या पाण्यात मासळी पुरेनाशी झाली की खुंट दूर जाणारच.

जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने डहाणूजवळच्या वाढवण बंदराला मंजुरी दिली. त्यासाठी समुद्रात मोठा भराव घालायचा आहे. मच्छीमारांच्या विरोधाची चर्चा सहसा बुडणाऱ्या रोजगाराच्या आकड्यांत होते. डोलकराची भीती त्याहून नेमकी आहे. त्याचे जाळे जागचे हलत नाही, पाणी त्याच्याकडे यावे लागते. भरावामुळे प्रवाहाने किंचित जरी कूस बदलली, तरी पिढ्यान्‌पिढ्यांची कव त्याच ठिकाणी राहील आणि जाळ्याचे तोंड चुकीच्या दिशेला उघडे असेल.