७२१ आणि २१

आपल्या सिकंदराबादेत १५ नोव्हेंबर २००६ रोजी तेरा वर्षांखालील मुलांचा एक शालेय क्रिकेट सामना झाला. सेंट पीटर्स शाळेची सलामीची जोडी मैदानात उतरली आणि चाळीस षटके संपेपर्यंत परतलीच नाही. एकाच्या नाबाद ३२०, दुसऱ्याच्या नाबाद ३२४, अवांतर ७७. एकूण बिनबाद ७२१. समोरच्या शाळेचा डाव सात षटकांत २१ धावांवर आटोपला. विजय तब्बल सातशे धावांचा!

दुसऱ्या दिवशी देशभरातल्या वर्तमानपत्रांत बातमी झळकली, कारण या जोडीने सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांचा ६६४ धावांच्या भागीदारीचा विक्रम मोडला होता. आम्हा हैदराबादच्या मराठी मंडळींची तेव्हा मोठी गंमत झाली. विक्रम आपल्या गावात आला म्हणून आनंद, आणि दादरच्या शाळेचा गेला म्हणून थोडी हळहळ. मुंबईकर नातेवाइकांना फोन करून चिडवण्याची संधी मात्र आम्ही सोडली नाही.

त्या गडबडीत त्या २१ धावांकडे कोणी फारसे पाहिले नाही. आम्हीही नाही. पुढे उत्सवातल्या मुलांच्या स्पर्धा ठरवताना वयोगट आणि संघांच्या जोड्यांवरून दरवर्षी वाद होऊ लागले, तेव्हा तो सामना आठवला. ७२१ आणि ६६४ हे आकडे विक्रमांच्या यादीत एकाखाली एक लिहिले जातात. पण ते दोन सामने एकाच जातीचे होते का? शालेय खेळाच्या इतिहासात थोडे मागे गेल्यावर उत्तर मिळाले, ते असे.

लॉर्ड हॅरिस १८९० ते १८९५ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांच्या नावाची हॅरिस ढाल आणि तिच्या पाठोपाठची लहान मुलांची जाइल्स ढाल या स्पर्धांवर मुंबईचे क्रिकेट पोसले गेले. २३ फेब्रुवारी १९८८ रोजी हॅरिस ढालीचा उपांत्य सामना आझाद मैदानावर सुरू झाला. शारदाश्रम विद्यामंदिर विरुद्ध सेंट झेवियर्स. शारदाश्रमचे दोन गडी ८४ धावांवर बाद झाले आणि चौदा वर्षांचा सचिन व सोळा वर्षांचा विनोद एकत्र आले. पुढचा दिवस उजाडला तरी जोडी फुटेना. रमाकांत आचरेकर सरांचा निरोप होता, डाव घोषित करा. सीमेबाहेरून सरांचे साहाय्यक हाका मारत होते आणि हे दोघे तिकडे बघायचेच टाळत होते. ही आठवण त्या दोघांनीच पुढे कितीदा तरी रंगवून सांगितली आहे. अखेर उपाहाराच्या वेळी सरांशी फोनवर बोलणे झाले. कांबळी ३४९ वर होता. एकच धाव काढू द्या म्हणून त्याने गयावया केली, सरांनी ऐकले नाही. ७४८ वर २ बाद, डाव घोषित. सचिन नाबाद ३२६.

सर तिथे क्रिकेटच्या डावपेचाचा विचार करत होते की समोरच्या मुलांचा, हे आम्हाला सांगता येणार नाही. पण ‘पुरे’ म्हणणारा कोणीतरी मोठा माणूस होता आणि मुलांना त्याचे ऐकावे लागले, हे महत्त्वाचे. झेवियर्सचा डाव मग १४५ धावांत संपला, त्यातही कांबळीने सहा बळी घेतले. हार दारुणच. तरीही झेवियर्सचा संघ उपांत्य फेरीपर्यंत स्वतःच्या बळावर आलेला होता. वय तेच, चेंडू तोच, मागे सरावाची वर्षे. त्या दोन दिवसांत ते कमी पडले, एवढेच.

याहून जुने उदाहरण इंग्लंडातले. ब्रिस्टलच्या क्लिफ्टन कॉलेजात जून १८९९ मध्ये दोन वसतिगृहांच्या धाकट्या मुलांचा सामना होता. तेरा वर्षांच्या ए. ई. जे. कॉलिन्सने नाबाद ६२८ धावा काढल्या. हा मुलगा जन्माने आपल्याकडचा, हजारीबागचा. त्याचे वडील इथे सरकारी नोकरीत होते. खेळ कित्येक दुपारी चालला. संघाच्या ८३६ धावा झाल्या आणि समोरचे वसतिगृह ८७ आणि ६१ धावांत गारद. जगाला ६२८ हा आकडा ठाऊक आहे. आम्हाला मात्र त्या मैदानाचा एक बारीकसा नियम आवडला. एका बाजूची भिंत फार जवळ होती, म्हणून तिकडे चेंडू पोचला तर दोनच धावा धरत; दुसरीकडे उतारावरून चेंडू कितीही लांब गेला तरी धावा पळूनच काढाव्या लागत. पोरांच्या खेळातसुद्धा कोणीतरी बसून मैदानाचा वाकडेपणा हिशेबात धरला होता. कॉलिन्स पुढे सैन्यात गेला आणि १९१४ च्या नोव्हेंबरात पहिल्या महायुद्धात मारला गेला.

त्याचा विक्रम ११६ वर्षे टिकला. मोडला आपल्या कल्याणमध्ये. जानेवारी २०१६ मध्ये भंडारी करंडकाच्या सोळा वर्षांखालील आंतरशालेय सामन्यात के. सी. गांधी शाळेच्या प्रणव धनावडेने नाबाद १००९ धावा केल्या. रिक्षाचालकाचा मुलगा, एका डावात हजार! संघाच्या ३ बाद १४६५. समोरची शाळा ३१ आणि ५२. पराभव एक डाव आणि १३८२ धावांनी.

त्या वेळच्या बातम्यांतच बाकीची हकीकतही आली होती. हरलेल्या शाळेची मोठी मुले परीक्षेमुळे आलेली नव्हती, म्हणून बरीच लहान मुले उभी करण्यात आली. त्यांतल्या कित्येकांना मोठ्या चेंडूची सवय नव्हती; झेल सुटले ते मोजण्यापलीकडे. एका बाजूची सीमारेषाही फारच जवळ होती. यात प्रणवचा काडीचाही दोष नाही. समोर आलेला चेंडू त्याने मारला, आणि दीड दिवस न थकता मारला, हे सोपे नाही. पण क्लिफ्टनमध्ये जवळच्या भिंतीला दोन धावा धरण्याइतकी जाग होती. इथे सामना पुढे ढकलू या, असेही कोणाला वाटले नाही. प्रणवला मुंबई क्रिकेट संघटनेने महिना दहा हजारांची शिष्यवृत्ती दिली. पुढे त्याचा खेळ उतरला आणि २०१७ मध्ये त्याच्या वडिलांनी पत्र लिहून ती थांबवायला सांगितली. एकतर्फी सामन्याचा भार जिंकणाऱ्यावरही पडतो, तो असा.

तिसरी गोष्ट २०१९ च्या नोव्हेंबरातली, पुन्हा हॅरिस ढालीची, पण पहिल्या फेरीची. बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेच्या धावा ७६१. समोरच्या शाळेच्या सात. त्या सातही अवांतर. बॅटमधून एकही धाव नाही. ७६१ मधल्या ६०५ धावा फलंदाजीच्या डावातल्या, उरलेल्या १५६ दंडाच्या. तीन तासांत ४५ षटके टाकायची होती, ती पुरी झाली नाहीत म्हणून दंड. चेंडू सारखा सीमेबाहेरून आणायचा म्हटल्यावर षटके वेळेत कशी पडावीत? वेळकाढूपणा करणाऱ्या तयारीच्या संघाला वठणीवर आणायला केलेला नियम धापा टाकणाऱ्या पोरांच्या मानगुटीवर बसला.

आता ही दरी पडते कशी, तेही पाहिले पाहिजे. सचिन मुळात वांद्र्याच्या न्यू इंग्लिश स्कूलचा विद्यार्थी. आचरेकर सरांच्या सांगण्यावरून तो शारदाश्रमात आला. शिक्षक चांगला, मैदान जवळ, सामने भरपूर. कोणता पालक नाही म्हणेल? पृथ्वी शॉ विरारचा, पण २०१३ मध्ये त्याने ५४६ धावा काढल्या त्या वांद्र्याच्या रिझवी स्प्रिंगफील्डकडून. त्या डावात संघाच्या ९९१ झाल्या आणि समोरची शाळा आधीच ९२ वर बाद झालेली होती. आपल्याकडेही अझरुद्दीन ऑल सेंट्सचा, आणि क्रिकेट म्हटले की मुलगा कोणत्या शाळेत घालायचा हे शहराला ठाऊक असे. गुणी मुलाला गुणी शाळा मिळावी यात वावगे काही नाही. फक्त असे दहा मुलगे एका शाळेत गेले की दहा शाळांचे संघ एकेका मुलाने दुबळे होतात, आणि चिठ्ठ्या टाकून जोड्या लावताना याचा हिशेब कोणी करत नाही.

आमच्यापैकी काहींनी तो अनुभव घेतला आहे. मराठी माध्यमाची शाळा, वर्गात जेमतेम वीस-पंचवीस मुले, संघ पुरा करायला आठवीपासून दहावीपर्यंत सगळे वर्ग पालथे घालायचे. पॅड दोन जोड्या, हेल्मेट नाहीच. पहिल्याच सामन्यात गाठ पडायची ती रोज संध्याकाळी नेटमध्ये सराव करणाऱ्या, दुप्पट उंचीच्या मुलांशी. सकाळी नऊपासून चेंडूमागे धावायचे आणि दुपारी अर्ध्या तासात घरी यायचे. त्यांतल्या दोन-तीन जणांचा थ्रो फार सुरेख होता. पुढच्या वर्षी ते आलेच नाहीत.

आपल्या मातीतल्या खेळांनी या बाबतीत जास्त शहाणपण दाखवले असे आमचे मत आहे. शालेय कबड्डीत वयाबरोबर वजनाची मर्यादा असते. काटा बाहेर मांडून मुलांना एकेक करून उभे केलेले आपण पाहिले आहे. खो-खोत तर उंची, वजन आणि वय यांची बेरीज धरून गट पाडण्याची पद्धत होती. त्यातही चोऱ्या होत. वजनाच्या आदल्या दिवशी पाणीसुद्धा न पिणारी पोरे आणि ऐनवेळी बदललेले जन्माचे दाखले आम्हाला नवे नाहीत. वयाची चोरी तर क्रिकेटला अजून सुटलेली नाही. हाडांच्या तपासणीपर्यंत मजल गेली, आणि २०१५ च्या पतौडी स्मृती व्याख्यानात राहुल द्रविड यांना त्यावर कडक शब्दांत बोलावे लागले. तरी पंधरा वर्षांच्या पोराने कोणाच्या अंगाला अंग लावायचे याचा विचार त्या वजनकाट्यामागे आहे, तो क्रिकेटच्या जोड्या लावताना फारसा दिसत नाही.

उपाय अगदी अवघड आहेत असेही नाही. अमेरिकेत शाळांचे संघ बऱ्याच ठिकाणी पटसंख्येप्रमाणे गटांत वाटतात, आणि बेसबॉलसारख्या खेळात ठरावीक डावांनंतर दहा धावांची आघाडी झाली की सामना तिथेच थांबवण्याची रीत आहे. आपल्या क्रिकेट नियामक मंडळाने २०१८-१९ मध्ये रणजी स्पर्धेत नऊ नवे संघ घेतले, तेव्हा त्यांना मुंबई-कर्नाटकपुढे लोटले नाही. त्यांचा वेगळा प्लेट गट केला आणि वर चढायला वाट ठेवली. मोठ्या माणसांसाठी जे सुचले ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी सुचायला हरकत नव्हती.

आमच्यातच यावर एकमत नाही, हेही नमूद करतो. आमचे काही ज्येष्ठ सभासद म्हणतात, मार खाल्ल्याशिवाय खेळाडू घडत नाही. सामना थांबवणे हा हरणाऱ्याचा अधिक अपमान. यात तथ्य नाही असे नाही. १९८८ च्या झेवियर्सच्या संघात एक पोरगेला लेगस्पिनर होता. सचिन-विनोदने त्यालाही सोडले नव्हते. त्याचे नाव साईराज बहुतुले. पुढे त्याने प्रथम श्रेणीत ६३० बळी घेतले, मुंबईचे नेतृत्व केले आणि २००१ मध्ये भारताकडून कसोटीही खेळला. पण बहुतुलेला त्या सामन्याआधी गोलंदाजी शिकवलेली होती आणि त्यानंतरही सामने मिळत राहिले. २००६ च्या त्या २१ धावांच्या संघाला पुढे किती सामने मिळाले, कोणी विचारले नाही.

यंदा आपल्या मुलांच्या स्पर्धांत आम्ही दोन गट केले आहेत: नियमित शिकवणी घेणाऱ्यांचा एक, गल्लीत खेळणाऱ्यांचा दुसरा. गल्लीच्या गटात पहिल्या फेरीत हरलेल्यांनाही आणखी एक सामना मिळेल. शिकवणीवाल्या गटात नावे भराभर आली. दुसऱ्या गटात मुलांचे नाव घालायला काही पालकांना कमीपणा वाटतो, असे नावनोंदणीच्या वहीवरून दिसते. गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवसापर्यंत वही कार्यालयात टेबलावर ठेवलेली आहे.