देवास गेटवरची कडू मिठाई

उज्जैन स्टेशनातून बाहेर पडले की जवळच देवास गेटचा भाग लागतो. इथून देवासला रस्ता जातो म्हणून हे नाव. माझी मावशी लग्न होऊन फोंड्याहून या भागात आली, त्याला आता पन्नासहून अधिक वर्षे झाली. गोव्याची मुलगी एवढ्या लांब माळव्यात कशी, असे लोक विचारतात. त्यांना मी रामचंद्र मल्हार सुखटणकरांचे नाव सांगतो. राणोजी शिंद्यांचे हे दिवाण, रामचंद्रबाबा शेणवी म्हणून ओळखले जात. 1730 च्या दशकात महाकालेश्वराचे मंदिर नव्याने उभे करण्याचे काम त्यांच्या नावावर आहे. याच गृहस्थांच्या सांगण्यावरून पेशव्यांनी 1739 साली मंगेशी गाव आमच्या मंगेशाला इनाम दिले. म्हणजे गोवा ते उज्जैन ही वाट काही मावशीने नव्याने पाडलेली नाही!

तर गेल्या दिवाळीत मी मावशीकडे होतो. माळव्याची दिवाळी म्हणजे मावा. मावाबाटी, गुलाबजाम, बर्फी, बेसनाचे लाडू. घराघरांतून डबे येतात, डबे जातात. मावशीला मधुमेह होऊन अकरा वर्षे झाली. या अकरा वर्षांत तिने एक सवय लावून घेतली आहे. कोणी मिठाई पुढे केली की ती दोन्ही हातांनी घेते, कपाळाला लावते आणि शेजारी बसलेल्या माणसाच्या हातावर ठेवते. नाही म्हणत नाही, खातही नाही. मी हे तीन दिवस पाहिले. चौथ्या दिवशी तीच म्हणाली, "अरे, तुमच्या त्या चॉकलेटात काही मला चालण्यासारखं होत नाही का? सणाला एक तरी तुकडा खाल्ल्यासारखं वाटू दे."

करायला बसायच्या आधी मी माझ्या सवयीप्रमाणे इतिहासात शिरलो. जे सापडले ते इथे मांडतो.

सुरुवात साखरेपासून करू, कारण तिच्या गोष्टीत उज्जैन थेट येते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने तांबड्या आणि अरबी समुद्रातल्या व्यापाराची माहिती लिहून ठेवली. ते पुस्तक 'पेरिप्लस' या नावाने ओळखले जाते. त्यात उज्जैनचा उल्लेख 'ओझेनी' असा आहे, आणि तिथून माल बारिगाझाला म्हणजे भडोचला उतरतो असे म्हटले आहे. भडोचकडून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जाणाऱ्या मालाच्या यादीत गहू, तांदूळ, तूप आणि तिळाचे तेल यांच्याबरोबर 'साक्खरी नावाचा वेताचा मध' आहे. ही आपली शर्करा. ती उज्जैनचीच होती असे पुस्तकात म्हटलेले नाही, पण ज्या वाटेने उज्जैनचा माल समुद्राला लागे त्याच बंदरातून तीही जाई. पुढे याच शब्दाचे अरबीत 'सुक्कर' झाले आणि पोर्तुगीजांनी त्याचे 'आसुकार' केले. इंग्रजांची 'कँडी'ही आपल्या 'खंड' शब्दातूनच निघालेली.

साखर जिथे जन्मली तिथेच तिच्याशी नाव जोडलेल्या रोगाचे निदानही लवकर झाले. चरक आणि सुश्रुत दोघांनीही मधुमेहाचे वर्णन केले आहे. रोग्याच्या लघवीला मुंग्या लागतात हे आपल्या वैद्यांना ठाऊक होते. उपाय काय, तर जवाचे अन्न, कडू भाज्या आणि भरपूर चालणे. सुश्रुताने तर गरीब रोग्याला शंभर योजने चालायला आणि विहिरी खणायला सांगितले आहे. युरोपात 1797 साली जॉन रोलो या लष्करी डॉक्टरने मधुमेही रोग्याला पीठ-साखर जवळजवळ बंद करून मांसाहारावर ठेवल्याची हकिगत छापली. 1863 साली लंडनच्या विल्यम बँटिंगने पाव, साखर, बटाटे आणि बिअर सोडून आपले वजन कसे उतरले याची पुस्तिका काढली आणि ती हातोहात खपली. गंमत म्हणजे इन्सुलिन शोधणाऱ्यांतल्या एकाचे आडनावही बँटिंगच! त्या फ्रेडरिक बँटिंगच्या चमूचे इन्सुलिन 1922 च्या जानेवारीत पहिल्यांदा रोग्याला टोचले गेले. तोवर डॉक्टरच्या हाती मुख्यतः ताटातले पदार्थ कमी करणे एवढेच होते. आज ज्याला 'लो-कार्ब' म्हणतात ते असे जुने आहे.

आता चॉकलेट. आपल्याला वाटते की चॉकलेट गोडच असते आणि साखर काढली की ते बिघडते. प्रत्यक्षात ते जन्माला आले कडू. मेक्सिकोतले माया आणि ॲझटेक लोक कोकोच्या बिया भाजून वाटत आणि पाण्यात फेसाळून पीत. त्यात मिरची घालत, कधी मका, कधी मध. उसाची साखर तिकडे नव्हतीच. ती स्पॅनिश लोकांबरोबर अमेरिकेत गेली आणि सोळाव्या शतकापासून त्या पेयात मिसळू लागली. लिनियसने 1753 साली या झाडाला 'थिओब्रोमा' नाव दिले. त्याचा अर्थ देवांचे अन्न. आपण प्रसाद म्हणू.

पुढचे सगळे कारखान्यातले. 1828 साली हॉलंडच्या व्हान हाउटेन यांच्या कारखान्यात कोकोतले लोणी दाबून वेगळे काढण्याची रीत निघाली. 1847 साली ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने कोकोची पूड, साखर आणि ते लोणी एकत्र करून खाण्याची वडी पाडली. 1875 च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये डॅनियल पीटरने त्यात दूध आणले. या प्रत्येक पायरीवर साखरेचा वाटा वाढत गेला. आज दुधाच्या चॉकलेटात निम्म्याच्या आसपास, कधी त्याहून अधिक साखर असते. तेव्हा नाव चॉकलेटचे असले तरी आपण खातो ती मुख्यतः साखर.

आणि गोवा? पोर्तुगीजांनी अमेरिकेतून काजू, मिरची, अननस, पपई आपल्याकडे आणली, आणि ती आपण इतकी आपली केली की आता ती परकी वाटत नाहीत. चॉकलेट मात्र आमच्या सणात शिरले नाही. नाताळचे ताट पाहा. बेबिंक, दोदोल, नेवऱ्या... सगळा नारळ, गूळ, तांदूळ, अंडी यांचा संसार. पोर्तुगीजांचा कोको गेला आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या प्रिन्सिप आणि साओ तोमे बेटांवर, 1822 च्या सुमारास. अंगोलातून नावापुरते करार करून आणलेल्या मजुरांना तिथे राबवले जाई. कायद्याने गुलामगिरी संपल्यानंतरही हे चालू राहिले. त्याचा इतका बोभाटा झाला की 1909 साली कॅडबरी आणि इतर इंग्रज कंपन्यांनी तिथला कोको घेणे थांबवले. ऊस आणि कोको या दोन्हींच्या मागे अशी माणसे उभी आहेत. गोडाच्या इतिहासात हे कडू आहे, आणि ते वगळून हा इतिहास सांगता येत नाही.

चॉकलेट आपल्याकडे उशिरा रुजले याला हवाही कारण आहे. कोकोचे लोणी अंगाच्या उष्णतेच्या जरा खालीच वितळते. म्हणून ते जिभेवर विरघळते, आणि म्हणूनच मे महिन्यात गोव्यात ते कागदातच विरघळते. कोकोचे झाड 1798 साली तमिळ प्रदेशातल्या कुर्तालमला लावले गेले होते. पण केरळात त्याची व्यापारी लागवड व्हायला 1960 चे दशक उजाडावे लागले.

असो. आता मावशीचे स्वयंपाकघर.

मी 85 टक्क्यांचे काळे चॉकलेट घेतले, 100 ग्रॅम. 85 टक्के याचा अर्थ कोकोचा ऐवज तेवढा. उरलेले 15 ग्रॅम बहुतेक साखरच. 'शुगर-फ्री' लिहिलेले चॉकलेट मुद्दाम घेतले नाही. त्यात पुष्कळदा माल्टिटॉल असते. तेही रक्तातली साखर काही प्रमाणात वाढवते, आणि जास्त खाल्ले तर पोटाची दैना करते. बदाम आणि शेंगदाणे भाजून जाडसर कुटले. गरम पाण्याच्या पातेल्यावर वाटी ठेवून चॉकलेट वितळवायला घेतले. इथे माझी फजिती झाली. झाकणावरची वाफ थेंब होऊन वाटीत पडली आणि तुळतुळीत चॉकलेटचा क्षणात रवाळ गोळा झाला. वितळलेल्या चॉकलेटात कोको आणि साखरेचे कण लोण्यात सुटे तरंगत असतात. थेंबभर पाणी पडले की ते कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात. मी कपाळाला हात लावला. मावशीने वाटीत डोकावून पाहिले आणि विचारले, "साय घालू?"

बरोबर होते तिचे. थोडे पाणी चॉकलेट बिघडवते, पण पुरेशी ओल मिळाली तर तेच पुन्हा सैल होते. अर्धी वाटी साय फेटून, गाळून, कोमट करून थोडी थोडी घातली. हळूहळू गोळा सुटला आणि लोण्यासारखा झाला. वड्या पाडायचा बेत गेला. दाण्याबदामाचा कूट, वेलदोडा, किंचित मीठ घालून ते गार होऊ दिले आणि सुपारीएवढे लाडू वळून कोरड्या कोकोच्या पुडीत घोळवले. वीस झाले. हिशेब केला तेव्हा एका लाडवात साखर एका ग्रॅमच्या आत आणि सगळी कर्बोदके मिळून दीड ग्रॅमच्या आसपास निघाली. बेसनाच्या एका मध्यम लाडवात पीठ आणि साखर मिळून याच्या दसपट सहज होतील. पण लाडू छोटा म्हणून दहा खाल्ले तर हिशेब तिथेच संपतो. सायीत आणि कोकोच्या लोण्यात उष्मांक भरपूर असतात, आणि औषधांचे वेळापत्रक सणासाठी बदलायचे नसते. मावशीला हे माझ्याहून चांगले ठाऊक आहे.

ते लाडू पाहताना मला आमची नरकचतुर्दशी आठवली. गोव्यात पहाटे अभ्यंगस्नानानंतर तुळशीपुढे पायाच्या अंगठ्याने कारीट फोडतात आणि त्याचा कडू रस जिभेला लावतात. मग फोव, म्हणजे पोहे. दुधातले, गुळातले, ताकातले. आमच्या दिवाळीचा पहिला घास कडूच असतो. मावशीला उज्जैनला कारीट मिळत नाही, म्हणून इतकी वर्षे ती कारल्याची चकती जिभेला लावते. आणि हे शहर तरी कुठे नुसत्या गोडाचे आहे? महाकालाच्या शृंगाराला भांग चालते, शिप्रेकाठच्या कालभैरवाला मद्याचा नैवेद्य असतो. देवाला कडू-तिखट सगळे चालते. गोड म्हणजेच सण हा हिशेब आपण माणसांनी घातला, आणि साखर स्वस्त झाल्यावर तर तो फारच पक्का झाला. त्यात ज्याला गोड चालत नाही तो आपोआप पंगतीबाहेर बसला.

भाऊबीजेला संध्याकाळी माणसे आली तेव्हा बर्फीच्या शेजारी या लाडवांची बशी ठेवली. मावशीने सवयीने एक लाडू कपाळाला लावला. तिचा हात शेजाऱ्याकडे वळला आणि मध्येच थांबला. मग तिने तो स्वतःच्या तोंडात टाकला. बराच वेळ काही बोलली नाही.

"कडू आहे," ती म्हणाली.

"मग, नको?"

"नको कोण म्हणालं? कारल्यापेक्षा बरं आहे." आणि बशी तिने आपल्या बाजूला सरकवून घेतली. बाकीच्यांना दुसऱ्यांदा मागितल्याशिवाय दिली नाही.