शत्रूची पारख
दोघांच्या खेळात शत्रू कोण, हा प्रश्नच उद्भवत नाही. तो समोरच बसलेला असतो. रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने रचलेला ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा पत्त्यांचा खेळ १९९३ च्या ऑगस्टात अमेरिकेत प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याची घडण प्रामुख्याने अशा द्वंद्वासाठीच होती, परंतु चार स्नेही जमले असता दोघांनी खेळावे आणि उरलेल्यांनी पाहत बसावे, हे कोणाला रुचणार? चौघे एका मेजाभोवती बसले, आणि पत्ता कोणता टाकावा यापेक्षा तो कोणावर टाकावा, हा विचार अधिक गहन होऊन बसला.

गारफील्डने स्वतः १९९४ साली ‘जिहाद’ या खेळात (पुढे ‘व्हँपायर: द इटर्नल स्ट्रगल’) या प्रश्नाचे जे उत्तर दिले, ते मला आजही अजोड वाटते. तेथे डावीकडचा खेळाडू हे तुमचे भक्ष्य आणि उजवीकडचा तुमचा भक्षक. आता उजवीकडच्याच्या उपद्रवाने संतापून तुम्ही त्याला पार खिळखिळे केलेत, तर त्याच्या पाठीमागचा त्याला सहज गिळतो, त्याबद्दलचा विजयगुण व सहा अंकांची गंगाजळी पदरात पाडून घेतो, आणि अधिक बलिष्ठ होऊन तुमचाच नवा भक्षक बनतो. वैऱ्याला बेताने जिवंत राखण्याची ही मसलत एखाद्या मुरब्बी कारभाऱ्याला शोभणारी आहे.

‘मॅजिक’मध्ये असा आसनांचा बंदोबस्त नव्हता. अलास्कातील अ‍ॅडम स्टेली यांच्या मंडळीत ‘एल्डर ड्रॅगन हायलँडर’ हा प्रकार निघाला: शंभर पत्त्यांचा संच, ‘जमीन’ नावाच्या मूळ पत्त्यांखेरीज कोणताही पत्ता दुबार नाही, आणि १९९४ च्या ‘लेजंड्स’ या पत्त्यांच्या मालिकेतील पाच ड्रॅगनांपैकी एक सेनापती. त्या ड्रॅगनाचे बळ सात. म्हणून एकाच सेनापतीचे तीन घाव, म्हणजे एकवीस अंक, बसले की खेळाडू बाद, हा शिरस्ता आजतागायत टिकला आहे. वायुदलातील शेल्डन मेनरी यांनी हा प्रकार अलास्कातून उचलून स्पर्धांच्या पंचमंडळींत रुजवला, आणि २०११ साली प्रकाशकांनी ‘कमांडर’ या नावाने त्याचे तयार संच काढले.

द्वंद्वातील वीस प्राणांकांऐवजी येथे चाळीस मिळतात, त्यामुळे पारख करण्यास अवसर लाभतो. तरीही नवखा मनुष्य बहुधा चुकतो. ज्याने पटावर मोठी शिबंदी मांडली त्याच्यावर तो तुटून पडतो, किंवा मागच्या फेरीत आपल्याला डिवचणाऱ्यावर सूड उगवतो; आणि ज्याच्या पुढ्यात एकही प्राणी नाही, परंतु हातात सात पत्ते आहेत, जमिनींचा खजिना तुडुंब आहे, आणि जो आताच संच धुंडाळून हवा तो पत्ता काढून गप्प बसला आहे, त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. आपला एकुलता एक संहारक पत्ता पहिल्याच धाकाला खर्चून बसणे, ही माझ्या मते याहून मोठी चूक. कारण तिघा प्रतिपक्ष्यांचे सर्व धोके एकट्याने निवारणे अशक्य असते, आणि पुष्कळदा शेजाऱ्यालाही तोच धोका तितकाच जाचत असतो.

‘कमांडर’चा कारभार पाहणाऱ्या नियम-समितीने सप्टेंबर २०२४ मध्ये काही बलाढ्य पत्त्यांवर बंदी घालताच तिच्या सभासदांना धमक्या आल्या आणि त्या समितीने कारभार प्रकाशकांच्या स्वाधीन केला. २०२५ च्या फेब्रुवारीत प्रकाशकांनी संचांच्या पाच श्रेणी जाहीर केल्या, जेणेकरून कोणाचा संच किती जहाल, हे मेजावर बसण्यापूर्वीच बोलून घेता यावे.