नांगरमुद्रित मृद्भांडी : एक साधनविचार

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इंग्लंडात निर्माण झालेल्या मृद्भांड्यांत शेतीविषयक चित्रांनी सजविलेल्या पेल्यांचा एक ठळक वर्ग आढळतो. त्यांवर ढालीच्या आकृतीत नांगर, विळे, दंताळे, मळणीचे दांडके व गव्हाची पेंढी यांची मांडणी असते. अनेकदा दोहों बाजूंस शेतकरी व त्याची पत्नी उभी असतात. ‘ईश्वर नांगरास यश देवो’ या अर्थाचे बोधवाक्यही वारंवार आढळते. ही रचना उघडच सरदार घराण्यांच्या कुलचिन्हावरून घेतलेली आहे. त्यावरून तत्कालीन इंग्लिश खेडे सुखी व स्वावलंबी होते, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो ग्राह्य मानता येईल काय?

प्रथम निर्मितीचा विचार करू. ही चित्रे बहुधा हाताने रेखाटलेली नसून छापलेली आहेत. ठसा कागदावर घेऊन तो भांड्यावर उतरविण्याच्या कलेला लिव्हरपूल येथे जॉन सॅडलर व गाय ग्रीन यांनी व्यापारी रूप दिले. सहा तासांत बाराशेहून अधिक फरशा छापल्याचे त्यांनी १७५६ मध्ये शपथेवर सांगितले. पुढे स्टॅफर्डशायरच्या कारखान्यांनी ही रीत उचलली. १७७७ मध्ये पूर्ण झालेल्या ट्रेंट-मर्सी कालव्याने त्यांचा माल बंदरांपर्यंत सुखरूप जाऊ लागला. तात्पर्य, नांगराचे गुणगान करणारा हा पेला यंत्रयुगाचेच अपत्य होय.

आता शेतीकडे वळू. १७५० नंतरच्या सुमारे ऐंशी वर्षांत पार्लमेंटने हजारो कायदे करून सामाईक शेते व कुरणे कुंपणबंद केली. अनेक गरीब कुटुंबे चराईच्या व सरपणाच्या हक्कांस मुकली. फ्रान्सशी चाललेल्या युद्धांच्या काळात धान्य महागले. त्याचा लाभ जमीनदारास व मोठ्या कुळास झाला, मजुरास नव्हे. १८३० मध्ये केंट परगण्यात मजुरांनी मळणीयंत्रे फोडण्यास आरंभ केला व ते लोण दक्षिण इंग्लंडभर पसरले. एकोणीस जणांस फाशी झाली, तर सुमारे पाचशे जणांस समुद्रापार धाडण्यात आले. हिवाळ्यातील ज्या हातमळणीसाठी ते लढले, तिचे दांडके पेल्यावर मात्र मानचिन्ह म्हणून शोभत होते!

म्हणून हे पेले ग्रामीण स्थितीचा पुरावा नव्हेत. सुस्थित शेतकरीवर्गाच्या आत्मप्रतिमेचा पुरावा म्हणून मात्र ते मोलाचे आहेत. साधनात कोण दिसतो याबरोबरच कोण दिसत नाही, हेही इतिहासकाराने पाहिले पाहिजे. या ढालीवर अवजारे आहेत. ती मजुरीने चालविणारा हात मात्र नाही.